कोंबड्यांच्या गाडीचं मालकीपत्र

वेंडल क्रेब्सला त्या वर्षी एकच गोष्ट हवी होती. अकरा वर्षं गॅरेजात खपून स्वतःच्या हातांनी जोडलेली गाडी स्वतःच्याच हातांनी रस्त्यावर न्यायची, आणि तीही बारा ऑक्टोबरच्या आत. बारा ऑक्टोबरला त्याचा चौऱ्याहत्तरावा वाढदिवस होता आणि त्याच दिवशी त्याचं लायसन्स संपत होतं. नव्या लायसन्सआधी डोळे तपासतात. वेंडलच्या डोळ्यांचं काय चाललंय हे तीनच माणसांना माहीत होतं: तो स्वतः, त्याची बायको आर्लीन आणि शहरातला एक डॉक्टर. दोन वर्षांपासून समोरच्या वस्तूच्या बरोबर मधोमध एक धुरकट डाग बसायला लागला होता. कडा दिसत, मधलं गायब.

"तुझा सगळा चेहरा दिसतो, फक्त नाक दिसत नाही," तो आर्लीनला म्हणाला होता.

"मग काही फार गमावलं नाहीस," आर्लीन म्हणाली होती, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ एकच कप धूत बसली होती.

डावा डोळा त्यातल्या त्यात बरा होता. गावातल्या ओळखीच्या रस्त्यांवर उजेडात गाडी चालवायला अजून काही अडत नव्हतं. पण ते तपासणीचं यंत्र काही ओळखीचा रस्ता नव्हे. डॉक्टर म्हणाला होता, पुढच्या खेपेला पास व्हाल असं मी लिहून देणार नाही. एकदा लायसन्स गेलं की गाडी आयुष्यभर गॅरेजात पुतळ्यासारखी उभी राहणार, हे वेंडलला लख्ख दिसत होतं. तेवढं दिसायला डोळे लागत नाहीत.

म्हणून फेब्रुवारीत, बर्फ वितळायच्या आधीच, तो कॉल्टर काउंटीच्या कचेरीत जाऊन उभा राहिला.

या कचेरीत तीन खिडक्या आहेत. पहिली मालकीपत्राची, दुसरी नंबर प्लेटची, तिसरी लायसन्सची. तिन्ही खिडक्यांवर ट्विला पेन्स हीच एक बाई बसते. बसते म्हणजे, चाकांच्या खुर्चीवरून सरकते. आणि खिडकी बदलली की तिची ओळखही पुसली जाते. पहिल्या खिडकीवर पाऊण तास जिच्याशी डोकं फोडलं, तीच दुसऱ्या खिडकीवर मान वर करून विचारते, "नाव?" वेंडलने हिच्या बापाचा ट्रॅक्टर किमान वीस वेळा दुरुस्त केला होता आणि ही तेव्हा फ्रॉकात चिखल तुडवत असायची. त्याचा काही म्हणजे काही उपयोग नव्हता.

"नाव?" ट्विला म्हणाली.

"ट्विला, पोरी, तुला माझं नाव माहीत नाही?"

"मला माहीत आहे. फॉर्मला माहीत नाही. गाडीचं मालकीपत्र?"

"नाही."

"मग गाडी तुमची कशावरून?"

"मी बनवली म्हणून."

"कशापासून बनवलीत?"

"बॉडी कंपनीकडून खोक्यांतून आली. फायबरची. त्याच्या पावत्या आहेत, या बघ. खालचा सांगाडा आणि इंजिन एका जुन्या फोक्सवॅगनचं. ती मर्लच्या कोठारात होती."

"मग मर्लचं मालकीपत्र आणा."

"मर्लकडेही नाही. त्याच्या कोठारात फक्त कोंबड्या होत्या. त्या गाडीत बसायच्या."

ट्विलाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे ती त्याची कशावरून हेच ठाऊक नाही, तरी तुम्ही त्याच्याकडून घेतलीत, म्हणून आता ती तुमची?"

असं म्हटलं की ते चोरीसारखंच वाटतं, हे वेंडललाही मान्य करावं लागलं. पण आमच्या भागात व्यवहार असाच होतो. मर्ल हॉस्टेटलर हा वेंडलचा शेजारी, दोघांत एक कुंपण आणि चाळीस वर्षं. अकरा वर्षांपूर्वी त्याचं गवताचे गठ्ठे बांधायचं यंत्र ऐन कापणीत बंद पडलं. वेंडलने दोन दिवस त्याच्या पोटात हात घालून ते चालू केलं. मर्लने विचारलं, काय देऊ? वेंडल म्हणाला, ती कोंबड्यांची गाडी दे. मर्लने हात पुढे केला, वेंडलने तो धरला, झालं. त्यावर कागद मागणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या माणसाने ताटातलं हुंगून बघणं. पण ट्विलाने यादी दिली होती, आणि यादीत पहिलंच होतं: मूळ गाडी देणाऱ्याचं नोटरीसमोर सही केलेलं पत्र.

मर्लने यादी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अकरा वर्षांनी?" तो म्हणाला. "अकरा वर्षांनी तू मला लिहून दे म्हणतोस?"

"मी नाही म्हणत. कचेरी म्हणते."

"कचेरीने माझ्याशी हात मिळवला नव्हता. तू मिळवला होतास."

"अरे लेका, फक्त एक सही!"

"सही कशाची? की मी चोर नाही? चाळीस वर्षांत तुला ते कळलं नसेल, तर नोटरी काय कळवणार?" आणि मर्ल कोठारात निघून गेला. कोंबड्यांनाही बहुधा सगळं सांगितलं असावं, कारण पुढे पाच आठवडे त्या घरातून अंडी आली नाहीत.

पाच आठवडे! वेंडल कॅलेंडरकडे बघून दात खात होता. शेवटी आर्लीनने चेरीची पाई केली, कुंपणाच्या फाटकातून एकटीच पलीकडे गेली आणि तासाभराने रिकामी थाळी घेऊन परत आली.

"काय सांगितलंस त्याला?" वेंडलने विचारलं.

"खरं काय ते."

"डोळ्यांचं?"

"मग काय, गठ्ठे बांधायच्या यंत्राचं? उद्या नऊ वाजता तो बँकेत येतोय. तिथे नोटरी आहे. आणि तू तोंड बंद ठेवायचंस."

मर्लने पत्र लिहिलं आणि ते अक्षर न् अक्षर खरं लिहिलं, कारण शपथेवर होतं. एक फोक्सवॅगन, रंग उडालेला, कोंबड्यांसकट नव्हे, वेंडल क्रेब्सला दिली. किमतीच्या रकान्यात त्याने लिहिलं: गठ्ठे बांधायच्या यंत्राची दुरुस्ती, दोन दिवस, उत्तम काम.

ट्विलाने ते वाचलं. "इथे आकडा हवा."

"आकडा नव्हता," वेंडल म्हणाला.

"मग भेट म्हणून दिली असं लिहा. पण भेटीचा फॉर्म फक्त नातेवाइकांसाठी असतो. मर्ल तुमचे कोण?"

"सध्या कोणी नाही."

परत बँक, परत नोटरी, परत मर्ल. या वेळी त्याने रकान्यात एक डॉलर लिहिलं. मग म्हणाला, आता शपथेवर मी खोटं लिहिलंय, तर तो डॉलर खरा करून टाक. वेंडलने खिशातून एक डॉलर काढून त्याच्या हातावर ठेवला. मर्लने तो घडी करून टोपीच्या पट्टीत खोचला आणि हंगाम संपेपर्यंत काढला नाही. जो दिसेल त्याला तो सांगायचा, क्रेब्सने मला गाडीचे पैसे चुकते केले.

एप्रिल संपला. ट्विलाने यादीतल्या पहिल्या ओळीपुढे खूण केली आणि दुसरी वाचली. "मूळ सांगाड्यावर कोरलेला नंबर. फोटो आणि ठसा."

इथे वेंडल सरळ घरी निघाला. कारण नंबर कुठे आहे हे त्याला नेमकं माहीत होतं. त्या गाड्यांत तो मागच्या सीटखाली, मधल्या नळकांड्यावर कोरलेला असतो. आणि वेंडल क्रेब्स हा चाळीस वर्षं कौलांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळलेला माणूस. अर्धवट काम त्याच्या हातून होतच नाही. सात वर्षांपूर्वी त्याने त्याच जागी मजबुतीसाठी पोलादी पट्टी वेल्ड केली होती, तिच्यावर फायबरचे तीन थर चढवले होते, घासून आरशासारखे गुळगुळीत केले होते आणि वर बाटलीसारख्या हिरव्या रंगाचे चार हात दिले होते. दुसऱ्या कुणी आळशी माणसाने तिथे नुसती सतरंजी टाकली असती, तर ती उचलून दोन मिनिटांत काम झालं असतं.

"चांगल्या कामाची शिक्षा आहे ही," तो घरी येऊन म्हणाला.

"शिक्षा वगैरे काही नाही, काप," आर्लीन म्हणाली.

कापली. फायबरची धूळ नाकातोंडात गेली, वेल्डिंग तोडताना ठिणगीने शर्टाला भोक पडलं, आणि स्वतःच्या हाताने दिलेला तो हिरवा रंग टवके होऊन उडायला लागला तेव्हा वेंडलने इतक्या मोठ्याने शिव्या घातल्या की कुंपणापलीकडून मर्लने ओरडून विचारलं, कुणी मेलं का? तीन दिवसांनी पट्टीखालून नंबर निघाला. स्वच्छ, न गंजलेला, नवाकोरा. इतका सुरक्षित नंबर साऱ्या काउंटीत दुसरा नसेल. वेंडलला तो वाचता आला नाही. मधले आकडे डागात जात होते. त्याने बोट फिरवून एकेक आकडा ओळखला आणि आर्लीनने लिहून घेतला.

नंबर राजधानीला गेला. सहा आठवडे लागतील, ट्विला म्हणाली. नऊ लागले. जुलैच्या उकाड्यात पत्र आलं: या क्रमांकाची कोणतीही नोंद आढळत नाही.

वेंडल ते घेऊन खिडकीवर गेला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. ट्विलाने वाचलं आणि म्हणाली, "छान."

"छान? नोंदच नाही म्हणतात!"

"म्हणूनच छान. नोंद असती तर त्या मालकाला शोधावं लागलं असतं, तो मेला असता तर त्याच्या वारसांना. नोंद नाही, म्हणजे गाडी कुणाचीच नाही. आता ती घरी बनवलेली गाडी म्हणून तुमच्या नावावर होऊ शकते."

"म्हणजे मी नऊ आठवडे थांबलो ते काही नाही हे कळायला?"

"काही नाही हे लेखी कळायला," ट्विला म्हणाली. खुर्ची सरकवत ती तिसऱ्या खिडकीकडे निघूनही गेली.

या सगळ्या फेऱ्यांत वेंडल तासन् तास बाकड्यावर बसून असायचा, आणि बाकडं तिसऱ्या खिडकीला लागून आहे. तिथेच ते डोळे तपासायचं यंत्र. कपाळ टेकवायचं, आत अक्षरं उजळतात, ती मोठ्याने वाचायची. शेतकरी, नर्स, ट्रकवाले, पाद्री, सगळे येऊन तीच अक्षरं वाचत. यंत्र एक, पट्टी एक, वर्षानुवर्षं बदललेली नाही. जूनपर्यंत वेंडलला पहिल्या तीन ओळी येत होत्या. ऑगस्टमध्ये सातही ओळी पाढ्यासारख्या पाठ झाल्या. दाढी करताना तो त्या पुटपुटायचा. सुरुवातीला त्याला याची थोडी लाज वाटली. पण नऊ आठवड्यांच्या त्या पत्रानंतर ती लाज गेली. कचेरीला कागदावर जे हवं ते आपण देतोय, मग तिथे तरी का नाही, असं त्याने स्वतःला पटवलं. आर्लीनला मात्र त्याने काही सांगितलं नाही.

राहिली होती पोलिसांची तपासणी. सप्टेंबरच्या सुरुवातीला मर्लने आपल्या गवताच्या ट्रेलरवर गाडी चढवली. टोपीत डॉलर होताच. शेजारच्या काउंटीतल्या तपासणी केंद्रावर एका तरण्या, अत्यंत सभ्य अधिकाऱ्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. ब्रेक उत्तम, म्हणाला. वायरिंग उत्तम, म्हणाला. इतकं स्वच्छ वेल्डिंग मी पाहिलं नाही, म्हणाला. आणि मग नापास केली. हेडलाइट दीड इंच खाली होते.

वेंडलने पुढच्या स्प्रिंगा बदलून गाडी उचलली. दोन आठवड्यांनी पुढची तारीख मिळाली. परत ट्रेलर, परत मर्ल. या वेळी उंची बरोबर होती, पण झोत चुकीचा. उजवा दिवा झाडांच्या शेंड्यांवर आणि डावा रस्त्याकडेच्या गटारात.

"हे तुम्ही भिंतीवर रेघ मारून जुळवलं नाही का?" अधिकाऱ्याने विचारलं.

जुळवलं होतं. गॅरेजच्या भिंतीवर खडूने फुली काढून, तीन संध्याकाळी. फक्त उजेडाचा मधला ठिपका कुठे पडतोय हे बघायला गेलं की तो ठिपका बरोबर त्याच्या डागात जाऊन बसत होता. पण हे त्या पोराला कसं सांगणार? "भिंत वाकडी आहे," वेंडल म्हणाला.

परत येताना मर्लने पंधरा मैल नुसता ट्रक हाकला. मग म्हणाला, "आर्लीनला भिंतीपाशी उभी कर, गाढवा. ती बोट दाखवेल."

आर्लीन उभी राहिली. "वर. अजून वर. नाही, इतकं नाही. थांब. अरे थांब म्हटलं ना! डावीकडे. तुझं डावं." वीस मिनिटांत दोन्ही झोत फुलीवर आले. हेच सप्टेंबरच्या सुरुवातीला केलं असतं तर, असं ती म्हणाली नाही. ते न म्हणणंच जास्त झोंबलं.

तिसरी तारीख मिळाली दहा ऑक्टोबर, शुक्रवार. गाडी पास झाली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. कचेरी चारला बंद होते आणि वाट एक तासाची. शनिवारी कचेरी बंद. रविवारी वाढदिवस. सोमवारी कोलंबसाची सुट्टी! पाचशे वर्षांपूर्वी एक माणूस रस्ता चुकला म्हणून वेंडल क्रेब्सची नंबर प्लेट अडली. त्याने वाढदिवसाचा केकही नीट खाल्ला नाही.

मंगळवारी ट्रेलरवर गाडी, ट्रकात मर्ल, आर्लीन आणि मधे कोंबलेला वेंडल, अशी वरात कचेरीपुढे उभी राहिली. पहिल्या खिडकीवर ट्विलाने सगळी यादी तपासली आणि मालकीपत्र छापून दिलं. आठ महिन्यांचा कागद, हातात घेतला तर रुमालाएवढा. दुसऱ्या खिडकीवर, "नाव?" आणि दोन नंबर प्लेटा, ज्या मर्ल लगेच बाहेर घेऊन गेला. ऐन वेळी धीर सुटून तिसऱ्या खिडकीकडे न बघताच वेंडल वळला.

"मिस्टर क्रेब्स," मागून ट्विला म्हणाली. "ट्रेलरवरून गाडी उतरवून कोण नेणार आहे?"

"मी."

"तुमचं लायसन्स परवा संपलं."

"माहीत आहे मला."

"मग या इकडे." खुर्ची तिसऱ्या खिडकीवर गेली.

आर्लीन बाकड्यावर बसली आणि तिने पर्स दोन्ही हातांनी धरली. वेंडलने यंत्रावर कपाळ टेकवलं. आत काळोख होता. पार काळोख, कडासुद्धा नाहीत. आज इतके बिघडले? पण मग तो मनाशी म्हणाला, बिघडू देत, आपल्याला कुठे बघायचंय. आणि त्याने सुरुवात केली. एकही अक्षर न अडखळता, पहिली ओळ, दुसरी, चौथी, सातवी. इतकं खणखणीत त्या यंत्रावर आजवर कुणी वाचलं नव्हतं.



"वेंडल," ट्विला हळूच म्हणाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने त्याला नुसत्या नावाने हाक मारली. "मी अजून दिवा लावलेला नाही."

त्याने कपाळ काढलं नाही. काढून बघायचं कुणाकडे? तो काळोख त्याने आपला समजला होता. आपल्या डोळ्यांनी हेच उरवलंय असं त्याला क्षणभर खरोखर वाटलं होतं, आणि तरीही त्याचं तोंड चालूच राहिलं होतं. मागे आर्लीनने श्वास सोडल्याचं त्याने ऐकलं.

मग खटका वाजला आणि आत उजेड झाला.

"आता वाचा," ट्विला म्हणाली. "जे दिसतं तेवढंच."

त्याने मान थोडी तिरकी केली, डावा डोळा डागाच्या बाजूने नेला आणि वाचायला लागला. पाठ केलेलं पुढे पळत होतं, त्याला आवरत, दिसेल ते एकेक. दोन ओळी नीट आल्या. तिसरीत तो खूप थांबला, पण आली. चौथीत तो म्हणाला, "नाही."

"उजवा?"

"उजवा सोड."

ट्विलाने काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होती. मग तिने शिक्का मारला आणि कागद सरकवला. "फक्त दिवसा. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. वर्षाने परत यायचं."

वेंडलने कागद नाकापाशी धरला. "असं लायसन्स असतं?"

"असतं. तिसरी ओळ आली की देतात."

"आणि हे तू मला फेब्रुवारीत नाही सांगितलंस?"

"तुम्ही या खिडकीवर आलातच कुठे फेब्रुवारीत?" ट्विला म्हणाली. मग तिने यंत्राच्या मागचं झाकण उघडलं, अक्षरांची पट्टी बाहेर काढली आणि ड्रॉवरमधून दुसरी शोधायला लागली.

बाहेर मर्लने गाडी उतरवून ठेवली होती. मागची प्लेट त्याने स्वतःच बसवली होती, सरळ. वेंडल स्टिअरिंगमागे बसला आणि आर्लीन शेजारी. मागे, जिथे नंबरासाठी कापलं होतं तिथे त्याने एक छोटं बिजागरीचं झाकण केलं होतं. ते खडखडत होतं. पुढे नाकावर ते दोन हेडलाइट होते. गोल, चकचकीत, उंचीला बरोबर, झोताला बरोबर, पोलिसांनी तीनदा मोजलेले. त्यांच्यापायी सहा आठवडे गेले होते, वाढदिवस गेला होता, आणि ते लावायची गरज आता या जन्मात पडणार नव्हती.

"तू हसतोयस की रडतोयस?" आर्लीनने विचारलं. "मला सांग, कारण चालवणारा तू आहेस."

"दिवे," वेंडल म्हणाला. त्याने गाडीच्या नाकाकडे बोट केलं.

आर्लीनने एकदा दिव्यांकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे. दुपारचे बारा वाजून गेले होते आणि लख्ख ऊन पडलं होतं. तिने हात लांब करून बटण ओढलं.

दोन्ही हेडलाइट लावून, मागे रिकामा ट्रेलर घेतलेला मर्ल, अशी ती गाडी भर दुपारी बाजारपेठेतून गेली. समोरून येणारा प्रत्येक जण हात बाहेर काढून ओरडत होता, "वेंडल, दिवे चालू राहिलेत!" आणि वेंडल प्रत्येकाला ओरडून सांगत होता, "माहीत आहे मला!"